मतदान झालं आणि देश गेला: वळिवड्याच्या छावणीमागचा इतिहास

(दृश्य: गांधीनगरची कापडपेठ, सकाळची वर्दळ. मागे वळिवडे स्टेशनाची पाटी.)

लग्नाचा बस्ता काढायचा म्हटलं की कोल्हापूर जिल्ह्यातली मंडळी गांधीनगर गाठतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही पेठ उभी केली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण सिंधी कुटुंबं आली तेव्हा ही जागा मोकळी माळरान नव्हती. १९४३ ते १९४८ या काळात इथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त. बराकींच्या रांगा होत्या, पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होतं. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत.

या छावणीबद्दल कोल्हापुरात बोलणं निघालं की ते आपल्या पाहुणचाराकडे वळतं. त्यात खोटं काही नाही. पण ही माणसं पोलंडहून पंचगंगेच्या काठी येऊन पोचली ती कशामुळे? त्यांचं गाव बंदुकीच्या जोरावर ताब्यात आलं होतं, हे खरं. मात्र तो ताबा कायदेशीर ठरवण्यासाठी तिथे रीतसर मतदान घेतलं गेलं. मतपत्रिका छापल्या गेल्या, पेट्या ठेवल्या गेल्या, निकाल जाहीर झाला. हे मतदान कसं घडवलं, त्याच्या पाठोपाठ कोणते कागद आले आणि त्या कागदांनी माणसांचं काय केलं, ते नीट पाहायला हवं. कारण ही पद्धत १९३९ साली संपली नाही.

(दृश्य: १९३९ च्या पोलंडचा नकाशा.)

२३ ऑगस्ट १९३९ ला जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याला एक गुप्त पुरवणी जोडलेली होती. तिच्यात पोलंडची वाटणी नद्यांच्या रेषांवर ठरली होती. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन सैन्य घुसलं, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य. पोलंडचा पूर्व भाग, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनचा आणि पश्चिम बेलारूसचा मोठा पट्टा, मॉस्कोच्या हाती गेला. पुढे वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबं याच पट्ट्यातली.

सैन्य घुसल्यापासून मतदानापर्यंत मध्ये गेले फक्त ३५ दिवस. २२ ऑक्टोबरला दोन 'जनसभां'साठी निवडणूक झाली. एक पश्चिम युक्रेनची, दुसरी पश्चिम बेलारूसची. प्रत्येक जागेला एकच उमेदवार, आणि तोही वरून मंजूर होऊन आलेला. गावोगाव सभा घेऊन त्याचं नाव हात वर करून 'सुचवून' घेतलं गेलं. त्या सभेत हात खाली ठेवणारा कोण, हे टिपून घेणारी माणसं तिथेच उभी असत.

सोव्हिएत धर्तीच्या मतदानातली खरी मेख मतपत्रिकेत होती. पत्रिकेवर नाव एकच. होकार द्यायचा तर काहीच करायचं नाही, पत्रिका घ्यायची आणि सरळ पेटीत टाकायची. विरोध नोंदवायचा तर ते नाव खोडायचं. आणि खोडण्यासाठी पडद्यामागे जावं लागायचं. म्हणजे जो पडद्याआड गेला, तो विरोधात आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. आपल्याकडे मतदाराला झाकण्यासाठी आडोसा असतो. तिथे आडोशाकडे टाकलेली चार पावलंच मतदाराला उघडं पाडत होती.

निकाल लागला. दोन्हीकडे अधिकृत यादीला ९० टक्क्यांहून जास्त मतं. निवडून आलेल्या सभांनी आठवड्याभरात ठराव केला: आम्हांला सोव्हिएत संघात घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मॉस्कोच्या सर्वोच्च सोव्हिएतनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ती 'विनंती' मान्य केली. २९ नोव्हेंबरला फर्मान निघालं आणि या भागातले रहिवासी सोव्हिएत नागरिक ठरले. कुणाला विचारलं नाही, कुणाची सही घेतली नाही.

नागरिकत्व लादण्यात फायदा काय, असं वाटेल. फायदा फार मोठा होता. परक्या देशाच्या नागरिकाला उचलून सैबेरियात नेलं तर तो युद्धकाळातला गुन्हा. स्वतःच्या नागरिकाला नेलं तर तो अंतर्गत प्रशासनाचा विषय. पुढची हद्दपारी या एका फर्मानाच्या पायावर उभी राहिली.

त्यानंतर याद्या आल्या. हे काम होतं सोव्हिएत गुप्त पोलिसांचं, म्हणजे एनकेव्हीडीचं. हद्दपारीच्या चार मोठ्या लाटा झाल्या आणि प्रत्येक लाटेची यादी वेगळ्या तऱ्हेनं तयार झाली.

पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० ची. पोलिश सैन्यातून निवृत्त होऊन सरकारी जमिनीवर वसलेले शेतकरी आणि जंगलखात्याचे नोकर, त्यांच्या कुटुंबांसह. ही यादी सोपी होती, कारण जमिनीच्या आणि नोकरीच्या नोंदी पोलिश सरकारच्या दप्तरात तयारच होत्या.

दुसरी लाट १३ एप्रिलची. यात पोलिश अधिकाऱ्यांची आणि अटकेत असलेल्यांची कुटुंबं. हे अधिकारी सोव्हिएत कैदेत होते. ५ मार्च १९४० ला स्टालिनच्या पॉलिटब्युरोनं, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळानं, त्यांना गोळ्या घालायचा निर्णय घेतला. एकूण २२ हजारांच्या आसपास माणसं कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मारली गेली. मारण्याआधी कैद्यांच्या छावण्यांमधूनच त्यांच्या कुटुंबांची नावं आणि पत्ते यांच्या याद्या तयार करवून घेतल्या गेल्या. म्हणजे बाप जिवंत असतानाच त्याच्या बायकोमुलांचा पत्ता कागदावर उतरला, आणि बाप मारला जात असतानाच तिकडे घरच्यांच्या दारावर थाप पडली.

तिसरी लाट जूनअखेरची. तिच्यात पश्चिम पोलंडमधून जर्मनांच्या भीतीनं पळून आलेले लोक, त्यात ज्यूंचा भरणा मोठा. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते: सोव्हिएत पासपोर्ट घ्या, नाहीतर घरी परत जाण्यासाठी नाव नोंदवा. अनेकांनी मागे राहिलेल्या नातलगांच्या ओढीनं परतीसाठी नाव नोंदवलं. ज्यांनी नोंदवलं, त्यांची यादी आपोआप तयार झाली, आणि त्याच यादीवरून त्यांना उचलण्यात आलं. हुकूमशाहीत स्वेच्छेनं भरून दिलेला अर्ज काय करू शकतो, याचा इतका उघड दाखला क्वचितच सापडेल. चौथी लाट १९४१ च्या मे-जूनमधली. तोवर जर्मन हल्ला तोंडावर आला होता.

चार लाटांत मिळून किती जण नेले? सोव्हिएत दप्तरांतला आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. लंडनमधून चालणाऱ्या पोलिश निर्वासित सरकारचे त्या काळचे अंदाज याच्या कितीतरी पट होते. यात तुरुंगात डांबलेले आणि लाल सैन्यात भरती केलेले वेगळे.

(दृश्य: बर्फातली रेल्वेलाइन, मालगाडीचा डबा आतून.)

पद्धत ठरलेली होती. पहाटेआधी दार वाजायचं. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत सामान बांधायला वेळ. किती, हे दारात उभ्या असलेल्या माणसावर. फेब्रुवारीतली थंडी उणे ३० अंशांच्या घरात. घोड्यांच्या घसरगाडीतून स्टेशनापर्यंत, मग मालगाडीचा डबा. दोन्ही बाजूंना फळ्यांचे माचे, मधोमध लोखंडी शेगडी, शौचासाठी फरशीला भोक. दार बाहेरून कडी घालून बंद. प्रवास दोन ते चार आठवड्यांचा. अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोड, कझाकस्तानात सामूहिक शेती. भाकरीचं माप कामाच्या मापावर. ठरलेलं लाकूड तोडलं नाही तर भाकरी कमी. भाकरी कमी म्हणजे अंगात ताकद कमी, आणि दुसऱ्या दिवशी लाकूड आणखी कमी. म्हातारी माणसं आणि लहान मुलं या चक्रात आधी गेली.

२२ जून १९४१ ला हिटलर स्टालिनवर उलटला आणि चित्र पालटलं. ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश निर्वासित सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ऑगस्टमध्ये सुटकेचं फर्मान निघालं. जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं, आणि त्याच्या मागोमाग सुटलेली कुटुंबं दक्षिणेकडे, उझबेकिस्तानकडे निघाली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत, मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, क्रास्नोवोद्स्कहून जहाजानं कॅस्पियन समुद्र ओलांडून सव्वा लाखाच्या जवळपास माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. अंगावर उवा, पोटात काही नाही, टायफस पसरलेला. किनाऱ्यावरच कपडे जाळले जात, डोकी भादरली जात. इराणच्या मातीत त्यातले अनेक राहिले.

तिथून सैनिक आघाडीकडे गेले आणि कुटुंबांना कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही हिंदुस्थानात. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला, ते नाव आज जास्त ऐकू येतं. पण हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी पोलिश वसाहत होती ती वळिवड्याची. कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांमधून माणसं १९४३ पासून कोल्हापूरला येऊ लागली.

आता इथे थांबून १९४३ चं कोल्हापूर पाहायला हवं. नाहीतर गोष्ट अर्धीच राहते.

गादीवर दत्तक घेतलेले बालराजे. कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजा लहान असेपर्यंत राज्य पाहणाऱ्यांकडे, आणि तिच्या डोक्यावर ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी. रयतेला राज्यकारभारात अधिकार हवा, जबाबदार राज्यपद्धती हवी, ही मागणी घेऊन माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रजा परिषद उभी केली होती. त्या मागणीला उत्तर म्हणून मिळाले ते मनाई हुकूम आणि तुरुंग. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या सरकारी कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण गोळीबारात हुतात्मा झाले. शहरात गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर लोकांचा राग निघत होता. तो पुतळा फोडला गेला, आणि त्या चौकात आज शिवरायांचा पुतळा आहे. त्याच १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली, धान्य आणि जहाजं कुठे वळवायची हे दिल्लीत आणि लंडनमध्ये ठरत असताना.

एका साम्राज्याच्या हद्दपारीतून जीव वाचवून आलेली माणसं दुसऱ्या साम्राज्याच्या आसऱ्याला आली, आणि त्या दुसऱ्या साम्राज्यानं इथल्या रयतेला मताचा अधिकार नाकारला होता. यात निर्वासितांचा दोष काडीचाही नाही. वळिवड्याच्या लोकांनी त्यांना शेजारी म्हणून वागवलं, दूध-भाजी-लाकूडफाट्याचे व्यवहार झाले, ओळखी झाल्या, ते मोलाचंच. पण 'लोकशाहीसाठी लढणारी दोस्त राष्ट्रं' हे वाक्य कोल्हापूरच्या तुरुंगात बसून ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल, हे या कहाणीतून वगळता येत नाही.

छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश निर्वासित सरकार करत होतं, ब्रिटिशांच्या कर्जाच्या आधारानं. याचा अर्थ छावणीतल्या प्रत्येक कुटुंबाचं भवितव्य लंडनच्या मर्जीला बांधलेलं होतं. १६ जानेवारी १९४३ ला मॉस्कोनं कळवलं की १९३९ साली त्या पट्ट्यात असलेले लोक आम्ही सोव्हिएत नागरिकच मानतो. एप्रिलमध्ये कातीनची प्रेतं उकरली गेली, पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी केली, आणि स्टालिननं त्या सरकारशी संबंधच तोडले. लंडन आणि वॉशिंग्टन गप्प राहिले. जर्मन आघाडीवर सोव्हिएत सैन्य हवं होतं, म्हणून खून कुणी केले हा प्रश्न बाजूला सारला गेला. मॉस्कोनं हा गुन्हा कबूल केला तो थेट १९९० मध्ये.

फेब्रुवारी १९४५ ला याल्टामध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले. पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली. वळिवड्यातल्या बहुतेक बायकांचं गाव त्या दिवशी पोलंडमध्ये उरलं नाही. त्या टेबलाभोवती एकही पोलिश माणूस नव्हता. ५ जुलैला ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणी चालवणारं सरकारच कागदावरून पुसलं गेलं.

याल्टात स्टालिननं एक आश्वासन दिलं होतं: पोलंडमध्ये मुक्त निवडणुका होतील. त्या झाल्या, पण कशा? आधी ३० जून १९४६ ला तीन प्रश्नांवर सार्वमत. पहिल्या प्रश्नाला अधिकृत होकार ६८ टक्के जाहीर झाला. पुढे दप्तरं उघडली तेव्हा खरा आकडा २७ टक्क्यांच्या आसपास निघाला. मतं लोकांनी बेधडक दिली होती, लबाडी मोजणीत झाली. १९ जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत मग आधीपासूनच बंदोबस्त केला गेला. विरोधी शेतकरी पक्षाच्या याद्या कित्येक मतदारसंघांत बाद, कार्यकर्ते अटकेत, मतदारांची नावं यादीतून गाळलेली, कचेऱ्यांमधून लोकांना रांगेनं नेऊन उघड मतदान. सत्ताधारी आघाडीला जाहीर झाली ८० टक्के मतं. विरोधी नेते मिकोवायचिक यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देश सोडून पळावं लागलं.

ही बातमी वळिवड्यात पोचल्यावर 'परत जा' या सल्ल्याला कोण भुलणार? थोडे परतले. बाकीचे ब्रिटनला गेले, जिथे पोलिश सैनिकांना १९४७ च्या कायद्यानं राहण्याची सोय झाली होती. काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं, आणि ज्या रयतेला मत नव्हतं तिनं १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकलं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, तिच्यावर चिन्ह होतं. मतदार आडोशाच्या आत जाऊन आपली कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायचा. न लिहिता-वाचता येणाऱ्या माणसालाही गुपचूप नकार देता यावा, अशी ती रचना होती.

(दृश्य: क्रिमिया, मार्च २०१४. मग झापोरिझ्झिया, सप्टेंबर २०२२.)

१९३९ ची कार्यपद्धती नंतर पुन्हा वापरली गेली. क्रिमियात फेब्रुवारी २०१४ च्या शेवटी चिन्हांशिवायच्या गणवेशातले रशियन सैनिक सरकारी इमारतींत घुसले आणि १६ मार्चला सार्वमत झालं, तीन आठवड्यांच्या आत. मतपत्रिकेवर पर्याय दोनच: रशियात सामील व्हा, किंवा १९९२ ची क्रिमियाची राज्यघटना परत आणा. 'आहे तसंच राहू द्या' हा पर्याय कुठेच नव्हता. दोनच दिवसांत विलीनीकरणाचा करार झाला. २०२२ मध्ये तर आणखी घाई. दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसॉनमध्ये २० सप्टेंबरला घोषणा, २३ ला मतदान सुरू, ३० ला मॉस्कोत विलीनीकरण. सशस्त्र माणसं सोबत घेऊन पेट्या घरोघरी फिरवल्या गेल्या. आणि मग पासपोर्ट: एप्रिल २०२३ च्या फर्मानानुसार या भागांत जो रशियन पासपोर्ट घेणार नाही तो १ जुलै २०२४ नंतर परदेशी ठरणार, त्याला बाहेर काढता येणार. आधी सैन्य, मग मतदान, मग ठराव, मग नागरिकत्व, मग यादी. क्रमसुद्धा बदललेला नाही.

म्हणून कुठल्याही निवडणुकीची बातमी आली की टक्केवारीकडे पाहण्याआधी आम्ही चार गोष्टी तपासतो. घोषणा आणि मतदान यांत किती दिवस गेले. नकार द्यायची जागा मतपत्रिकेवर आहे का, आणि तो कुणाला न दिसता देता येतो का. मतदारयादी कुणी केली, तिच्यावर हरकत घेता आली का. आणि मोजणी कुणासमोर झाली.

हे प्रश्न आपल्या जिल्ह्यालाही लागू आहेत. भारत १९३९ चा पोलंड नाही, आणि तशी सरधोपट तुलना करणं म्हणजे त्या हद्दपारांचा अपमान. पण यादी आणि मोजणी या दोन जागा इथेही ढिल्या पडतात. साखर कारखान्यांच्या निवडणुकीत मयत सभासदांची नावं आणि रखडलेल्या वारसनोंदी हा दर वेळचा वाद. दूध संघांच्या निवडणुकीत मत सभासदाचं नसून संस्थेच्या ठरावधारकाचं, म्हणजे संस्थेनं ठराव करून नेमलेल्या प्रतिनिधीचं असतं. तो एक माणूस सांभाळला की संस्था सांभाळली जाते, आणि म्हणूनच मतदानाआधी ठरावधारकांच्या सहली निघतात. दूध घालणाऱ्या बाईला त्या निवडणुकीत बोट लावायलाही जागा नसते.

विधानसभा-लोकसभेला मात्र नियमांनी मतदाराच्या हातात बरंच काही दिलंय, आणि ते वापरलं जात नाही याचं वाईट वाटतं. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की नाव नसेल तर नमुना ६, यादीत नसावं अशा नावावर हरकत असेल तर नमुना ७, तोही ठरलेल्या मुदतीत. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं. ती मतं यंत्रातून पुसली गेली आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून घेतल्या गेल्या, हे प्रतिनिधीनं स्वतः पाहायचं असतं. पक्षाचा पोरगा सात वाजता डोळे चोळत येतो तेव्हा हे उरकलेलं असतं. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो. त्यात यंत्राचे क्रमांक, मोहोरांचे क्रमांक आणि एकूण किती मतं नोंदली गेली तो आकडा असतो. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायलाच हवी. दुपारी जेवायला गेलेला प्रतिनिधी परत आलाच नाही, तर प्रत मिळणार कुणाला?

मतमोजणीच्या दिवशी त्या केंद्राचं यंत्र टेबलावर आलं की आधी मोहोर आणि क्रमांक, मग एकूण मतांचा आकडा आपल्या हातातल्या १७-सी शी पडताळायचा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी काढून निवडली जातात आणि तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात, तेव्हाही टेबलाशी माणूस हवा. तफावत दिसली तर तोंडी आरडाओरडा करून काही होत नाही. फेरमोजणीचा अर्ज लेखी आणि कारणांसह, निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडायला लागतो.